गाऱ्हाण्यात नसलेलं मत

लोकसभेचा तो निकाल लागला तेव्हा मी दहावीत होते, आणि आमच्या घरावर सुतकाची कळा आली होती. मागच्या खेपेला देशभर ज्यांची लाट होती, तेच सपशेल आडवे झाले. रेडिओवर ऐकूनही कुणाला खरं वाटेना. पेपरात आलं, लोकशाही जिंकली. जिंकली असेल बाबा! आमच्याकडे त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची अख्खी वाडी एकाच गावची, मालवणकडची. बाबा गिरणीत होते. संपात गिरणी गेली आणि बाबा घरात बसले. नळावर बायका आईला मुद्दाम विचारायच्या, "काय गो, घोव खंय कामाक जाता?" आई भरलेला हंडा उचलायची आणि चालू पडायची.

त्या निवडणुकीत एका पुढाऱ्यानं बाबांना शब्द दिला होता. दिल्लीत पुन्हा आपलं सरकार आलं की केंद्राच्या गोदामात वॉचमनची नोकरी, पक्की. बदल्यात वाडीची सगळी मतं. झालं, बाबा कामाला लागले. पोस्टर चिकटवली, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. इतक्या वर्षांनी माणूस सकाळी दाढी करून घराबाहेर पडत होता. मला तर तेवढ्यानंच बरं वाटायचं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत गाऱ्हाणं झालं. आमच्यात देवाला नारळ ठेवून त्याच्या कानावर घातल्याशिवाय कुठलंच काम होत नाही. सगळ्यांत म्हातारे होते ते पुढे झाले आणि खड्या आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांचो शिक्को एकाच जागेर पडां दे!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा.

बायका आणि आम्ही पोरं दाराबाहेर. घरच्या पुरुषानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं की घरातली सगळी मतं आली, असाच हिशोब. तो चुकीचा आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही.

निकालानंतर तो पुढारी वाडीत आला. एरवी हा माणूस पायथ्याशी जीपमध्ये बसून आम्हाला खाली बोलावून घ्यायचा. त्या दिवशी पायी चढून आला, धापा टाकत. गटाराच्या कडेनं धोतर सावरत येणारा तो माणूस बघून मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आमच्या खाटेवर टेकला आणि बाबांना म्हणाला, "तुमच्यातलं कोण फुटलं?"

बाबा हात जोडून उभे. "देवाची आण सायबानू, आमच्यातलो एकय फुटूक नाय."

"मग मतं गेली कुठे? आता नोकरीचं विसर."

आईनं त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि उतरून गेला. ना दगडफेक, ना धमकी. काय करणार होता? कुणी कुठे शिक्का मारला ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

बाबा मात्र पेटले. "कोण तो, माका कळूक होया! एकेकाक इचारतंय!" म्हणत चपला शोधायला लागले. तेव्हा आई भांडी घासता घासता म्हणाली, "खंय जाऊ नका. मी नाय दिलंय त्यांका मत."

बाबा खालीच बसले. "गाऱ्हाणा घातला होता गो आपण."

"तुमी घातलात. मी भायर होतंय. माका कोणी इचारल्यान?"

"नोकरी गेली गो माझी!"

"गेली," आई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "संपात पोरांच्या पोटात अन्न नव्हता, तेव्हा ह्यो खंय होतो? त्याच्यासमोर तुमी हात जोडतात, ता माका बघवत नाय."

त्या रात्री मला आईचा भयंकर राग आला होता. कसली लोकशाही आणि कसलं काय, माझ्या बापाची वाट लागली होती. नवं सरकारही फार टिकलं नाही. बाबांना ती नोकरी मिळाली नाहीच. कुठल्या कुठल्या सोसायट्यांच्या गेटवर बदली वॉचमन म्हणून ते उभे राहिले, खोकत, शेवटपर्यंत. आईनं माफी मागितली नाही. त्यांनीही मागायला लावली नाही. पण कितीतरी दिवस घरात दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

पुढची निवडणूक लवकरच आली. मंडळाच्या खोलीत पुन्हा नारळ आला. पुन्हा आम्ही दाराबाहेर, आई माझ्या शेजारी. म्हाताऱ्यांनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली तेवढ्यात बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर आईची लाज काढणार.

"माझ्या एकट्याचा काय ता सांगा देवाक," बाबा म्हणाले. "घरातल्या दुसऱ्या मताचा माका ठावक नाय. ता तिका इचारा."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा बाहेर आले, चपला घातल्या आणि तिला म्हणाले, "चल गो, घरात भात करपात."