रिकामा रकाना

माझ्या मुलीला दम्यासाठी सातव्या वर्षी एका प्लॅस्टिकच्या नळीत फुंकायला शिकवलं आणि त्या दिवसापासून माझी भीती आकड्यांत मोजता येऊ लागली. फुंकलं की नळीतला लाल काटा वर सरकायचा, थांबेल तिथला आकडा लिहायचा. काटा वर गेला की मी चहा गरम प्यायची. खाली राहिला की चहावर साय धरायची आणि मी तिच्या छातीकडे बघत बसायची.

आम्ही तेव्हा बडोद्याला, छाणीच्या बाजूला राहत होतो. नवऱ्याची बदली भरूचला, तो शनिवारी यायचा. घरात मी, मुलगी आणि मामंजी. मी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकड्यांना घाबरण्याचं मला कारण नव्हतं. पण त्या वर्षी आमच्या सोसायटीत गोवर आला. गुजराती शेजारणी त्याला ओरी म्हणायच्या आणि दारात उभ्या राहून अमक्याच्या पोरीला निघाली, तमक्याच्या पोराला निघाली, असं सांगून जायच्या. आमच्या मुलीला लस दिलेली होती, पण दम्याच्या पोरीच्या अंगात ती टिकली आहे का, हे कोण सांगणार? टिकली नसेल आणि गोवर छातीत उतरला तर?

हाच प्रश्न घेऊन काही डॉक्टर एका मुलांच्या दवाखान्यात संशोधन करत होते. दम्याच्या मुलांचा दमा किती ताब्यात राहतो, आणि लशीनं आलेली ताकद त्यांच्या रक्तात टिकते का. लशीच्या आणखी एका डोसाआधी एकदा रक्त घ्यायचं, नंतर एकदा. दमा ताब्यात असलेल्या मुलांची एक यादी, नसलेल्यांची दुसरी, आणि दोन्ही यादीतल्या रक्ताची तुलना. आम्ही करायचं काम एकच, रोज सकाळ-संध्याकाळ नळीत फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मी घाबरत सही केली. न करण्याची भीती जास्त होती, म्हणून केली.

वही मी स्वयंपाकघरातच ठेवली होती. तिच्यावर फोडणीचे डाग, भाजीचा हिशोब वाटावा असं अक्षर. ज्या दिवशी मुलगी इतकी दमलेली असे की तिला फुंकताच येत नसे, तेव्हा मी त्या जागी नुसती एक रेघ ओढायची. त्या क्षणी हातात पेन धरायला कुणाला सुचतं? पंप द्यायचा, पाठ चोळायची, आणि श्वास जरा सावरला की रेघ.

आता मामंजींबद्दल. त्यांचे वडील संस्थानी नोकरीत होते आणि ते स्वतः रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. आमच्या घरातून कच्चा कागद बाहेर जात नसे. माझा रजेचा अर्जसुद्धा ते सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे, वर म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या अक्षरावरून लोक तुझी रजा नाही, राजीनामा मंजूर करतील." पट्टी लावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात रेघ ओढली नव्हती. तेव्हा ती डागाळलेली वही डॉक्टरांसमोर जाणार, हे त्यांना सोसणं शक्यच नव्हतं. त्यांनी नवीन वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि रोज दुपारी माझी वही समोर ठेवून पक्की नोंद करायला बसले.

दोन महिन्यांनी दवाखान्यात ती पक्की वही गेली. तिथली डॉक्टर तरुण होती, गुजराती. तिनं पानं उलटली आणि म्हणाली, "बेन, आवी वही तो में जोई ज नथी." इतकी सुंदर वही तिनं पाहिलीच नव्हती. मामंजींची मान ताठ झाली. आकडे चांगले होते, दमा ताब्यात होता. मुलीचं नाव चांगल्या यादीत गेलं, रक्त घेतलं गेलं, लशीचा डोस दिला गेला आणि रोजच्या पंपाचा डोस कमी करून मिळाला. परत येताना रिक्षात मी हसत होते. किती दिवसांनी, ते आठवत नाही.

दहाएक दिवसांनी मुलगी दुपारी शाळेतून आली आणि दप्तर न काढता पायरीवरच बसली. मी हाक मारली, तिनं उत्तर दिलं नाही. जवळ गेले तर खांदे वरखाली होत होते, गळ्याखालची खाच आत ओढली जात होती. तिला "आई" हा शब्द एका श्वासात म्हणता येईना. आधी "आ", मग थांबून "ई". मी पंप दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. ओठांचा रंग बघवत नव्हता. तोंडानं मी तिला "काही नाही, काही नाही" म्हणत होते.

रिक्षात ती माझ्या मांडीवर, मामंजी शेजारी, काखेत त्यांची पक्की वही. अशा वेळीही कागदपत्रं घेतल्याशिवाय त्यांना बाहेर पडता आलं नाही. मी माझी वही का घेतली, ते मला माहीत नाही. ओट्यावर होती, पंप उचलताना हाताला लागली, पिशवीत टाकली. वाटेत मी तिचे श्वास मोजत होते आणि दर वेळी पुढचा येईपर्यंत माझा अडकत होता.

दवाखान्यात मास्क लावून वाफ दिली, सुई दिली. तासाभरानं ती झोपली. श्वास अजून शिट्टीसारखा वाजत होता, पण येत होता. मग डॉक्टर आमच्याकडे वळली. वहीत तर सगळं ठीक आहे, मग असं कसं झालं? मी पिशवीतून माझी वही काढून दिली. तिनं दोन्ही वह्या शेजारी-शेजारी उघडल्या. मग एका रेघेवर बोट ठेवून विचारलं, "आ लीटी एटले शुं?"

"त्या दिवशी तिला फुंकता आलं नाही," मी म्हणाले.

तिनं पक्क्या वहीत तीच तारीख शोधली. तिथे आकडा होता, आदल्या दिवशीचा. पुढच्या रेघेच्या जागीही आदल्या दिवशीचा. एकही रकाना मोकळा नव्हता. जे दिवस सगळ्यांत वाईट होते, ते सगळे चांगले झाले होते.

"रजिस्टरात रकाना रिकामा ठेवायचा नसतो," मामंजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "मला वाटलं, तू लिहायला विसरलीस."

डॉक्टर रागावली नाही. तिनं पंपाचा डोस पूर्ववत केला, मुलीचं नाव दुसऱ्या यादीत टाकलं आणि म्हणाली, यापुढे मला डागवाली वही आणा. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात लशीची ताकद चांगली निघाली. गोवराची भीती तेवढी गेली.

एक गोष्ट मात्र मी मामंजींना कधी सांगितली नाही. डॉक्टरांना दाखवायला नेण्याच्या आदल्या दिवशी ती पक्की वही मी चाळली होती. रेघा कुठे गेल्या, हे मला दिसलं होतं. मी गणिताची शिक्षिका, मला न दिसायला काय झालं? पण भरलेली पानं बघून इतकं बरं वाटलं की मी वही मिटून ठेवली. जवळजवळ आजारी नसलेली एक मुलगी त्या पानांत होती, आणि मला ती हवी होती. मामंजींनी मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला. रजेच्या अर्जावरूनही माझी थट्टा करेनासे झाले.

मग एके दिवशी त्यांनी माझी डागवाली वही मागितली. सकाळी मी घाईत असते, म्हणून सकाळचा आकडा ते लिहितील. मी दिली. काही महिने ते रोज आकडा लिहीत होते, मी रोज कान देऊन असायची. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. वही उघडी, पेन हातात.

"सूनबाई," ते म्हणाले, "आज रेघ आहे."

आम्ही वेळेत पोचलो. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या तारखेसमोरची रेघ पट्टीशिवाय ओढलेली आहे आणि चांगलीच वाकडी आहे.