एका हातानं वाचायचं पुस्तक

“ताई, ह्यात तर मराठीचा एक शब्द न्हाय,” अण्णांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

अण्णा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले रिटायर्ड पर्यवेक्षक. शेळीपालनावरचं त्यांचं पुस्तक कधी छापलंच गेलं नाही. फार पूर्वी त्याचं ईबुक झालं होतं, मोबी नावाच्या जुन्या प्रकारात. फोनवर ते उघडत नव्हतं, आणि ज्या कॉम्प्युटरवर उघडायचं तो कायमचा बंद पडला होता. सोमवारी तेर गावात शेळ्या पाळणाऱ्या बायकांचं ट्रेनिंग होतं. त्यांच्या फोनवर पुस्तक गेलं नाही, तर ते पुन्हा कुणाच्या हाती जाणार नाही, असं अण्णांना वाटत होतं.

धाराशिवच्या एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करते. चौथीपर्यंत शिकले, बाकी सगळं ह्याच खुर्चीवर. गिऱ्हाइकाशी मालक राजूभाऊ बोलतात, मी स्क्रीनकडं बघते. मला ते बरं पडतं.

फाइल मी ईपबमध्ये कन्व्हर्ट केली होती. ईपब बहुतेक फोनवर उघडतं. अक्षर मोठं केलं तरी ओळी आपोआप स्क्रीनमध्ये बसतात. गडबड फॉन्टची होती. जुना मराठी फॉन्ट त्या एका कॉम्प्युटरवर होता, फोनवर नव्हता. मग मजकूर युनिकोडमध्ये आणला, म्हणजे कुठल्याही फोनला कळणाऱ्या मराठीत. तुटलेली जोडाक्षरं हातानं बसवली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पहिलं पान उभ्या उभ्या वाचून काढलं.

“झालं की,” राजूभाऊ म्हणाले. “पाठवा ग्रुपवर.”

“थांबा,” सुरेखाताई म्हणाल्या. त्या तेरच्या, बायकांच्या गटाच्या प्रमुख, अण्णांसोबत आल्या होत्या. “आधी बोकड धरून बघते.” त्यांनी राजूभाऊंचा हात काखेत दाबला. “औषध पाजताना एक हात असा अडकतोय. फोन दुसऱ्या हातात.”

“ताई, मी दुकानाचा मालक आहे.”

“बोकडाला बी तसंच वाटतंय. हलू नका.”

अंगठ्यानं त्यांनी औषधाचं पान काढलं, वाचलं आणि थांबल्या. “अण्णा, एवढ्याशा पिलाला एवढा डोस? मरंल की ते.”

अण्णांचा चेहरा उतरला. “म्या असं लिव्हलं न्हाय.”

खरंच लिहिलं नव्हतं. त्या काळी टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता, स्पेसबार दाबून करायचे, आमच्याकडं सगळेच. मोठ्या स्क्रीनवर रकाने सरळ दिसायचे. फोनवर ओळी मोडल्या आणि मोठ्या शेळीचा डोस पिलाच्या वजनासमोर येऊन बसला.

“टेबलचा फोटो टाकू,” राजूभाऊ म्हणाले. हात अजून काखेतच.

“फोटो मोठा करायला दुसरा हात तुम्ही देता का?”

मी हळूच म्हणाले, “टेबल काढून टाकू या.”

“काय?” राजूभाऊंना ऐकूच गेलं नव्हतं.

पुन्हा बोलले, जरा मोठ्यानं. “टेबल काढू. एका वजनाचं एक वाक्य करते. ओळ कुठंही मोडली तरी वजन आणि डोस सोबतच राहतील.”

“करा,” अण्णा म्हणाले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. ते सांगायचे, मी टाइप करायची, मग ते मोठ्यानं वाचायचे. शेवटी राजूभाऊंनी स्वतःच हात पुढं केला. सुरेखाताईंनी अक्षर सगळ्यात मोठं करून प्रत्येक डोस वाचला.

“बरोबर हाय,” अण्णा दर वेळी म्हणत होते.

सोमवारी तेरहून अण्णांचा फोन आला. मागं शेळ्यांचा कालवा. सगळ्यांच्या फोनवर पुस्तक उघडलं होतं, जुन्या फोनवरसुद्धा. “अक्षर मोठं कसं करायचं, तुम्हीच सांगा ह्यांना,” म्हणत त्यांनी फोन माइकला लावला. मी सांगितलं. तिकडून बायका ओरडल्या, “झालं, झालं!”

आता दुकानात कुठलंही ईबुक तयार झालं, की राजूभाऊ आधी बाही सावरतात. आणि फाइल उघडली म्हणजे काम झालं, असं मी म्हणत नाही. वाचणाऱ्याचा दुसरा हात कुठं अडकलेला असतो, ते गिऱ्हाइकाला मीच विचारते.