गंधर्वाला दिलेला रोट

त्या कादंबरीविषयी कोणी विचारलं की मी "वाचली नाही" म्हणतो आणि विषय बदलतो. बरीच वर्षं हे असंच चाललं आहे. खरं म्हणजे मी ती वाचली आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि तीही दोनदा. तिच्यावर भर सभेत बोललोही आहे. काय बोललो ते सांगायचं मात्र टाळत आलो. आता ज्यांच्यापुढे ओशाळायचं ती माणसं एकेक करून जात आहेत, तेव्हा लिहून टाकतो.

आधी पुस्तकाचं सांगतो. पुस्तक वाईट होतं. मी खोटं बोललो म्हणून ते चांगलं ठरत नाही.

आमच्या खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घालून, सजवून चौरंगावर मांडायची, तिचं लग्न लावायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर पोचवायची. सुरतेत येऊन लूम चालवणाऱ्यांनीही हे सोडलं नाही. या कादंबरीत कानबाईच्या वरातीला स्वर्गातून गंधर्व येतात आणि सोमवारी परत जातात. त्यांतला एक रेंगाळतो आणि मागे राहतो. तो कोणाला दिसत नाही. दिसतो फक्त सुरतेजवळच्या सचिन वसाहतीतल्या कारखान्यात साड्या तपासणाऱ्या एका मुलीला. मग प्रेम, विरह, शाप, पुन्हा प्रेम.

कल्पना बरी आहे, हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं. पण पुढे काय केलं तिचं! गंधर्वाचे डोळे "तापीसारखे निळे". तापी निळी मी तरी पाहिलेली नाही. उन्हाळ्यात शेवाळी आणि पावसाळ्यात गढूळ, एवढे दोनच रंग तिला येतात. त्याच्या अंगाला चंदनाचा वास. तो दर दोन पानांआड नायिकेचं मनगट धरतो आणि तिचा श्वास रोखला जातो. एवढ्या वेळा रोखला जातो की एखाद्या डॉक्टरला दाखवावं. तिसऱ्या प्रकरणात ऊन लागलं की त्याची कातडी जळते. नवव्या प्रकरणात तोच भर दुपारी डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खातो. मध्येच एक नागकन्या येते, फुत्कारते आणि निघून जाते. का आली ते लेखिकेलाही ठाऊक नसावं. खलनायक असुर आहे आणि त्याची केमिकलची फॅक्टरी आहे. हजारो वर्षं जगलेला गंधर्व "ओके" म्हणतो. प्रत्येक प्रकरण "आणि तेवढ्यात..." वर संपतं, कारण ते आधी मोबाइलवर भागाभागाने येत होतं. आणि कळस म्हणजे, सबंध कादंबरीत गंधर्व एकदाही गात नाही. गाणं हाच ज्याचा जन्म, तो गच्चीवर उभा राहून चंद्राकडे बघतो!

तरी कारखान्याची पानं वाचताना माझं हसू थांबलं. कोरं कापड उलगडलं की त्याच्या धुरळ्याने ओळीतल्या सगळ्या पोरींना शिंका येतात. गंधर्वाला येत नाहीत, आणि त्यावरून नायिका ओळखते की हा माणूस नव्हे. असं काही घरबसल्या सुचत नाही. आणि दुसरी जागा म्हणजे रोटाची. तीच माझ्या आयुष्यावर येऊन बसली.

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. त्याचे गहू घरातल्या माणसांसाठी मुठीने मोजून वेगळे दळतात. तो फक्त भाऊबंदकीने खायचा. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही. आमच्याकडे तर सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. कादंबरीत गंधर्वाच्या शापाला उःशाप असा की कानबाई बसलेल्या घरातल्या कोणी आपल्या हाताने त्याला रोट दिला, तर तो माणूस होईल. नायिकेचा धीर होत नाही. देते ती तिची काकू. पाण्याची बादली ओतायच्या निमित्ताने ती मागच्या दाराला येते, पदराखालून तुकडा काढते आणि म्हणते, "खाई ले, आन् तोंड पुसी टाक."

हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक पालथं ठेवलं. ते माझ्या बायकोचं वाक्य होतं.

लेखिका आमची शेजारीण. सुरतेत उधन्याला रेल्वेलाइनलगतच्या खोल्यांत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. तिचे वडील यार्डात होते, जळगावकडचं बौद्ध कुटुंब. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर, आणि ही माझ्याच वर्गात. वडील संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसत. राजकारणावरून आम्ही रोज भांडत असू. मुलगी वर्षभर आमच्या घरात असे. कानबाईला मात्र ती दारात उभी राहून सगळं बघे, गाणी ऐके, आणि जेवणाची वेळ झाली की तिला कोणीतरी "जा बेटा, आई बोलवतेय" म्हणे. तिची आई बोलवत नसे.

एका वर्षी बायकोने मागच्या दाराशी तेच वाक्य म्हणत तिला रोट दिला, तो माझ्या आईने पाहिला. आई तशी आधीपासून आजारी होती. पण त्या महिन्यात तिने अंथरूण धरलं आणि खापर रोटावर फोडलं. घरात चार दिवस तेच. बायको म्हणाली, "लेकरू व्हतं. उभं व्हतं. काय करू, नजर चुकाडू?" मी शाळेत समतेवर धडे शिकवणारा माणूस. मी आईची समजूत घालायची सोडून शेजारी गेलो आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, "सणाच्या दिवसांत पोरीला आमच्याकडे पाठवू नका. आमच्यात भाऊबंदकीशिवाय चालत नाही." वाक्य नेमकं होतं. रिवाजच तसा होता, आणि मी बोललो त्यात जातीचा शब्दही नव्हता. ती सोय रिवाजाने करून ठेवलेली असते. ते "बरं, गुरुजी" म्हणाले. त्यानंतर ते ओट्यावर कधी बसले नाहीत.

पुढे आम्ही सुरतेतच पर्वत पाटिया भागात राहायला गेलो, ती कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीत. बायको वारली. आणि एक दिवस आमच्या मराठी मंडळाने मला त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला भाष्य करायला बोलावलं.

मंडळाच्या कार्यक्रमांचं काय सांगावं. अर्धा वेळ शाल-श्रीफळ, पाव वेळ माइक दुरुस्ती, आणि उरलेल्यात साहित्य. अध्यक्ष माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुरुजी, जरा मसाला टाका हां. नाहीतर पब्लिक झोपी जाशे." मी टाकला. निळी तापी, रोखलेले श्वास, डुमसची भजी. सभागृह लोळत होतं. लेखिकाही हसत होती, तोंडावर हात धरून, आपली खोडी उघडी पडावी तशी. इथे थांबलो असतो तर तो एक प्रामाणिक, थोडा दुष्ट अभिप्राय झाला असता. पुस्तकाची तेवढी लायकी होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या भाऊबंदांपैकी एकाने विचारलं, "गुरुजी, आन् ते रोटाचं? आपल्या बाया असं करतात का?"

सगळ्यांना ठाऊक होतं की ही वर्षानुवर्षं माझ्या शेजारी वाढलेली मुलगी. काकू कोण, हा हिशेब दोन-चार डोक्यांत सुरू झालेला मला दिसला. आणि मी बोललो, "आमच्या कुठल्याही घरात असं कधी घडलेलं नाही. घडणार नाही. लेखिकेला रोटाचा नियम माहीत नाही." मग थोडं थांबून, मास्तर थांबतात तसं, म्हणालो, "कसा असणार?"

सर्वांत मोठा हशा त्यावर आला. भजीपेक्षा मोठा.

तिचा हात तोंडावरून खाली आला. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, फळ्यावर गुरुजींनी चुकीचं उत्तर लिहिल्यावर हुशार पोर बघतं तशी. तिने मनोगत व्यक्त केलं नाही. आभार मानून बसली. मंडळाच्या वाचनालयाने ठेवून घेतलेल्या प्रती "भावना दुखावतात" म्हणून परत पाठवल्या. ज्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं, ते तिला खोटारडी म्हणायला लागले. आमच्या बायांची बदनामी करते म्हणाले. सगळा बनावट माल मांडलेल्या त्या पुस्तकात खरी गोष्ट एकच होती, आणि मी नेमकी तीच खोटी ठरवली. शिवाय ज्या बाईने घरात एकदाच मोठं मन दाखवलं, तिला मेल्यावर मी नाकारलं. तेही टाळ्यांसाठी.

त्या दिवशी सभा संपवून उतरताना जिन्यात तिची आई उभी होती. म्हणाली, "गुरुजी, मी तिला सांगत होते, लिहू नको. पण ते खोटं तर नव्हतं ना? तुम्ही आमच्या घरी आले होते त्यावरून."

मी म्हणालो, "मला काही आठवत नाही बाई. फार वर्षं झाली."

त्यानंतर किती कानबाया बसल्या आणि उठल्या. गेल्या श्रावणात मी सुनेची नजर चुकवून रोटाचा तुकडा स्टीलच्या डब्यात घातला आणि कोसाडची बस धरली. काय बोलायचं ते ठरवलं होतं. मास्तर असल्यामुळे पाठही केलं होतं: तू लिहिलंस ते खरं होतं. माझ्याच घरात घडलं, माझ्या बायकोने केलं. मी सभेत खोटं बोललो. मला माफ कर.

रविवार होता, तिला सुट्टी. दार तिनेच उघडलं. "अरे, गुरुजी! या, या. आई, गुरुजी आलेत." आईने टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही. चहा आला. मी डबा मांडीवर धरून बसलो.

"दुसरा भाग वाचला का, गुरुजी?"

"मोबाइलवर मला दिसत नाही."

"मग बरंच. तुम्ही आहात त्यात."

"मी?"

"राक्षस आहात." ती हसली. "पण अजून मारलं नाही तुम्हाला. वाचक मागे लागलेत, याला मारा, याला मारा. मी म्हटलं, थांबा यार, मास्तर होते माझे."

मीही हसलो. यापेक्षा चांगली संधी माणसाला मिळत नाही. तिने दार उघडून ठेवलं होतं, आत यायला फक्त एक पाऊल. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तुझा गंधर्व गात का नाही?"

"काय?"

"गंधर्व आहे ना तो? मग त्याने गायला पाहिजे. सबंध पुस्तकात एक ओळ गात नाही. मोठा दोष आहे तो."

ती विचारात पडली. मग तिने मोबाइल काढून काहीतरी टिपून घेतलं. "हे खरंय, गुरुजी. हे कोणीच सांगितलं नव्हतं मला." आणि सरळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "अजून काही?"

टीव्हीवर जाहिरात चालली होती. तिची आईही माझ्याकडे बघत होती.

"अजून काही नाही," मी म्हणालो.

"डब्यात काय आणलंय?" आईने विचारलं.

"औषधं आहेत माझी."

मी उठलो. चप्पल घालायला वाकलो, तेव्हा तिने डबा क्षणभर धरला आणि परत माझ्या हातात दिला. जिन्याच्या पहिल्या वळणावर असताना तिने वरून हाक मारली.

"गुरुजी, मिशीला चहा लागलाय. तोंड पुसून टाका."

मला तिथून वर जाता आलं असतं. पायऱ्या थोड्याच होत्या, आणि पाठ केलेली वाक्यं सगळी जागेवर होती. मी रुमालाने तोंड पुसलं आणि डबा घेऊन खाली उतरलो.