परतीचा पास

माझी मोठी मावशी लोकांचे कपडे लांडे करते. नवीन काही शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं, दुकानातून तयार आणलेलं, थोरल्याच्या अंगावरून धाकट्याच्या अंगावर उतरलेलं, असलंच काम तिच्याकडे येतं. चेन बदल, कंबर ढिली कर, बाही उडव. लोकांची पोटं सुटताहेत तोवर मला मरण नाही, असं ती म्हणते. तिचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली बोळ. तिच्यावर पत्रा टाकला, पुढे शटर लावलं, झालं दुकान. आत मशीन, इस्त्री, आरसा आणि मावशी एवढं मावलं की गिऱ्हाइकाने फुटपाथवरच उभं राहायचं. पँटचं माप देताना अर्धा रस्ता बघतो. त्याला इलाज नाही.

मशीनच्या पायाशी एक स्टूल असायचं. त्यावर टाचणी बसायची. टाचणी म्हणजे मावशीची मुलगी. अंगाने किडकिडीत, बोलणं टोचरं, म्हणून हे नाव. शाळेतून आली की स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि गिऱ्हाईक गेलं की त्याच्या पोटाबद्दल मत द्यायची. मावशी तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसायची. एखाद दिवशी ही बाई टाचणी गिळून मरणार, अशी आम्हा सगळ्यांना खात्री होती.

आता हे सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. टाचणी ही माझ्या धाकट्या मावशीच्या पोटची. आईच्या घरी तिघी बहिणी. मधली माझी आई, तिने एकट्या मला जन्म देऊन हात टेकले. थोरलीला मूल नव्हतं. धाकटीच्या घरात दोन मुली, सासू-सासरे आणि दोनच खोल्या होत्या, त्यात हे तिसरं आलं. दवाखान्यातच धाकटीने बाळ उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, ही तुझी." संपलं. ना वकील, ना शिक्का, ना साक्षीदार. आमच्याकडे शब्द देतात, पावती देत नाहीत. दवाखान्याने जन्माच्या दाखल्यावर जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, आईच्या जागी धाकटीचं नाव, बापाच्या जागी तिच्या नवऱ्याचं. तो कागद कपाटात गेला. टाचणी थोरलीला आई म्हणायची, धाकटीला मावशी. तिला सगळं ठाऊक होतं. हे काही गुपित नव्हतं, फक्त त्यावर बोलायची पद्धत नव्हती. शाळेत कधी अडचण आली नाही, कारण शाळेच्या कागदावर 'पालक' लिहिलेलं असतं आणि तो मोठा मायाळू शब्द आहे. कुणीही त्याच्याखाली सही करावी.

मावशीचा नवरा, म्हणजे मोठे काका, गेल्यावर तर मावशीला टाचणीवाचून दुसरं काही उरलं नाही. रात्री दोघी एकाच पांघरुणात झोपायच्या, कारण पोरीचे पाय थंड पडायचे.

अशात मावशीला जहाजाची सहल लागली. दोरा विकणाऱ्या ठोक दुकानात रिळांच्या खोक्यावर कुपन असायचं, ते भरून डब्यात टाकायचं. मावशी वर्षानुवर्षं भरत आली होती आणि आजवर तिला एक कैचीसुद्धा लागली नव्हती. एक दिवस दुकानदाराने निरोप धाडला की दोन माणसांची, तीन रात्रींची समुद्रसफर लागली आहे. मावशीला वाटलं, थट्टा करतो आहे. मग वाटलं, दोऱ्याचा भाव वाढवणार असेल. खरं आहे हे कळल्यावर तिने शटर अर्धं खाली ओढलं आणि आतल्या आत बसून राहिली. टाचणी मात्र त्याच संध्याकाळी वर्गातल्या सगळ्यांना सांगून आली.

मी पदवीधर असल्यामुळे घरातले सगळे फॉर्म माझ्या वाट्याला येतात, नोकरीचा तेवढा सोडून. म्हणून बुकिंगच्या ऑफिसात मावशीबरोबर मी गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. तिने पासपोर्ट पाहिले, जे माझ्याच खटपटीने आणि धाकटीच्या सह्यांनी निघाले होते. मग विचारलं, मुलीची आई कोण. मावशी म्हणाली, मी. मुलीने पुन्हा पासपोर्टात पाहिलं आणि हळूच विचारलं, "कागदावर, मावशी?"

ती बिचारी वयाला धरून मावशी म्हणाली होती. पण मोठ्या मावशीने मान अशी खाली घातली, जणू कुणी तिला बरोबर ओळखलं.

फॉर्म निघाला. दुसऱ्याचं मूल जहाजावर न्यायचं तर आई आणि बाप दोघांचं संमतिपत्र हवं, नोटरीसमोर सही केलेलं. जहाजाचं नाव, निघण्याचं बंदर, परतण्याची वेळ, सोबत नेणाऱ्या व्यक्तीचं मुलाशी नातं. आणि खाली छापलेलं: प्रवास संपताच मूल आई-वडिलांच्या ताब्यात परत दिले जाईल. मावशीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हे खोडता येईल का, असं विचारलं. मुलगी म्हणाली की छापील काही खोडता येत नाही, पण काळजी नको, ते सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं. मीही तेच सांगितलं. असं छापतातच, म्हटलं, कोण वाचतं.

पण आमच्या घरात वाचणारा एक माणूस होता.

धाकटीचा नवरा एका गोदामाच्या गेटवर आहे. आम्ही त्यांना गेटवाले काका म्हणतो. माणूस सज्जन. उभा जन्म त्यांनी एकच काम केलं: चिठ्ठी असेल तर गाडी सोडायची, नसेल तर नाही. चिठ्ठ्या दोन प्रकारच्या. विकलेला माल गेला की गेला, त्याला साधा पास. दुरुस्तीला, वापरायला दिलेल्या वस्तूला परतीचा पास. परतीच्या पासावर पंखा गेला असेल तर पंखा परत आलाच पाहिजे, मालक स्वतः आडवा आला तरी. त्यांच्या घरी त्यांना कुणी काही विचारत नसे. मुलींची लग्नं, नोकऱ्या, सगळं धाकटीने ठरवलं. दोघी आता दूर गेल्या, म्हातारी माणसं वारली, आणि ज्या दोन खोल्या एके काळी पुरत नव्हत्या त्यांत टीव्ही मोठ्याने लावावा लागायचा.

मी फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, फॉर्म मोठ्याने वाचला, पहिल्या ओळीपासून. 'मुलीचे वडील' इथे आल्यावर थांबून त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"म्हणजे मी सही केली नाही तर ती जाऊ शकत नाही?"

"अहो, करायची आहे सही," धाकटी म्हणाली.

"करतोय गं. फक्त विचारलं."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची परवानगी कुणीतरी मागत होतं. माणसाला ते अंगाला लागतं. त्यांनी दोनदा चहा मागितला, जहाज बुडालं तर काय असं विचारलं, टाचणीला पोहता येतं का विचारलं. मग शेवटच्या छापील ओळीशी आले, ती दोनदा वाचली आणि समाधानाने म्हणाले, "हं. परतीचा पास आहे."

आम्ही हसलो. मावशीही हसली. धाकटी हसली नाही. तिने फॉर्म त्यांच्या हातातून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली.

नोटरीचं ऑफिस जिन्याखाली होतं. एक टेबल, शिक्क्यांचा ट्रे आणि भिंतीला लागून लाकडी बाक. बाकावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या, मी आणि काका उभे. वकीलसाहेबांना घाई होती. त्यांनी मान वर न करता हाक मारली, "मुलीची आई कोण?"

दोघी उठल्या.

वकीलसाहेबांनी आता वर पाहिलं. त्यांना विनोद वाटला असावा. "एकच पुरे," ते म्हणाले.

मोठी मावशी खाली बसली. धाकटी टेबलापाशी गेली, आणि ते जे जे वाचत गेले त्याला हो म्हणत गेली. मी जन्मदात्री आई आहे, हो. मी राजीखुशीने पाठवते आहे, हो. प्रवास संपताच परत, हो. त्या शेवटच्या 'हो'ला तिचा आवाज बदलला होता, पण शिक्का इतक्या जोरात बसला की तो कुणी ऐकला नसावा. मी ऐकला. मग सोबत नेणाऱ्या व्यक्तीची पाळी. नात्याच्या रकान्यापाशी मी पेन धरून थांबलो. मावशीने पेन माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ कागदावर टेकवून ठेवलं, इतका की तिथे शाईचा ठिपका झाला. मग लिहिलं: मावशी. नऊ वर्षांत तिने ते ना तोंडाने म्हटलं होतं, ना हाताने लिहिलं होतं.

जहाजावर दोघींची मजा झाली, याबद्दल मला शंका नाही. नंतर मावशीने सगळं सांगितलं. वाढप्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते हिने त्याला जेवण वाढू न देता आधी शिवून दिलं. पोहायच्या जाकिटांची शिलाई हिने उलटून पाहिली आणि पास केली. टाचणीने आइसक्रीम इतकं खाल्लं की तिची जीभ सुन्न झाली, ही गोष्ट मावशीला शांततेची वाटली. पहिल्या दिवशी म्हणे सगळ्यांना गच्चीवर उभं करून बुडायची तालीम घेतात. लहान मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावर खोलीचा नंबर, म्हणजे धांदलीत मूल सापडलं तर कुणाकडे द्यायचं ते कळावं.

"जहाज बुडालं असतं ना," मावशी मला म्हणाली, "तर टाचणी माझ्याकडेच आली असती."

हे तिने हसत हसत सांगितलं, पण ते खूप नंतर.

परत आल्या त्या दिवशी त्यांना घ्यायला मी बंदरावर गेलो होतो. बाहेर पडायच्या दारापाशी लोखंडी कठडे, त्यामागे माणसं. त्या माणसांत धाकटी आणि गेटवाले काका उभे होते. मला वाटलं, हौसेने आले. काकांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घालून फॉर्मची झेरॉक्स होती.

टाचणी टोपी घालून धावत आली. मागून बॅग ओढत मावशी. काकांनी मावशीला नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारलं. मग कागद पुढे केला, जसा ते रोज कुणा ना कुणा ड्रायव्हरपुढे करतात.

"ताई, कागदाप्रमाणे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं.

मावशीला आधी कळलं नाही. मग तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली बघत होती आणि टाचणीची छोटी बॅग तिने आधीच खांद्याला लावली होती.

"तू दिली होतीस ना गं मला," मावशी म्हणाली.

"दिली होती ताई." धाकटीने वर पाहिलं नाही. "तेव्हा घर भरलेलं होतं."

मी मध्ये पडलो. तो छापील मजकूर आहे, म्हटलं, तो सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो, त्याला काही अर्थ नसतो. काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. अर्थ नसलेल्या ओळीवर माणूस सही कशाला करेल, असं त्यांनी मला विचारलं. जन्मभर शब्दावर चाललेल्या माणसांच्या घरात पहिल्यांदा कागद आला, तर त्यांनी त्यालाही शब्दच मानलं. मोठ्या मावशीनेसुद्धा. मी तिला म्हणालो, चल, आपण टाचणीला घेऊन जाऊ, काय करतील. ती म्हणाली, "सही माझी आहे रे."

"किती दिवस?" टाचणीने विचारलं.

कागदावर निघण्याची तारीख होती, परतण्याची होती. त्याच्या पुढची तारीख कुठेच नव्हती. मावशी वाकली, पोरीची टोपी नीट केली, आणि धाकटीला एवढंच सांगितलं की हिचे पाय रात्री थंड पडतात, मोजे घालत जा.

नंतर मी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, केस करता येईल, पण मावशीकडे दाखवायला काय आहे? एकच कागद होता, आणि त्यावर तिनेच मावशी लिहिलं होतं.

टाचणीची शाळा बदलली, कारण धाकटीच्या घरून जुनी लांब पडते. दुकानातल्या स्टुलावर आता मावशी इस्त्रीचे कपडे ठेवते. गिऱ्हाइकाच्या पोटावर कुणी बोलत नाही. काका भेटले की म्हणतात, ताई, केव्हाही या, तुमचंच घर आहे. ते मनापासून म्हणतात. मावशी दोनदा गेली. टाचणी तिला अजून आईच म्हणते, आणि तिने आई म्हटलं की धाकटी उठून चहा टाकायला आत जाते. म्हणून मावशीने जाणं थांबवलं.

मग तिने काकांना विचारलं की रविवारपुरती पोर दुकानात पाठवाल का. ते म्हणाले, "कागद?" थट्टेने म्हणाले की खरंच, मला आजवर कळलेलं नाही. मावशीला कळलं.

तिने मला बुकिंगच्या ऑफिसात पाठवलं. काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं, पुन्हा सफर का म्हणून कौतुकाने विचारलं. मी हो म्हणालो आणि कोरा फॉर्म घेऊन आलो.

शटर अर्धं खाली ओढून आम्ही तो भरायला बसलो. जहाजाचं नाव या रकान्यात मी रेघ मारू लागलो, तर तिने हात धरला. रेघ बघून काका परत पाठवतील, म्हणाली, काहीतरी लिही. दुकानाला नाव नाही. मी 'दुकान' असं लिहिलं. निघण्याचं बंदर म्हणून धाकटीच्या गल्लीचं नाव घातलं. परतण्याची वेळ मावशीने स्वतः सांगितली, दिवे लागायच्या आत. मग तिने पेन घेतलं. नात्याच्या रकान्यापाशी ती या वेळी थांबली नाही. सरळ कापडावर टीप मारावी तसं 'मावशी' लिहून ती पुढच्या ओळीवर गेली.