खाली म्हणजे रिकामा

कराड स्टेशनवर आम्हाला सोडायला आलेल्या प्रत्येकानं एकच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगितली: तिकडे सोयी चांगल्या. माझ्या वडिलांनी, आबांनी, तर मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरी, तिथं सगळं सरकार बघतंय. तुझं चांगलं होईल." मुक्ता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बौद्धिक अपंगत्व असलेली, पापड एकसारखे लाटणारी, आल्या-गेल्याला न सांगता पाणी देणारी माझी मुलगी. सामानाच्या प्रत्येक डागावर मी आकडा घातला होता. तिच्या कागदांची पिशवी तेवढी खांद्यावर ठेवली होती, कारण सरकार ती पिशवी बघणार होतं.

कराडला मुक्ता जायची त्या शोभाताईंच्या कार्यशाळेतल्या तुम्हा पालकांपैकी दोघी-तिघींनी अलीकडे फोनवर विचारलं, आम्हीही तिकडे यावं का? म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते.

माझ्या नवऱ्याची, सुहासची, नोकरी मोहालीत, नॉलेज सिटीत. भाडं परवडलं म्हणून फ्लॅट झिरकपूरला. इथे माणूस दूध आणायला चंदीगडात, डॉक्टरकडे हरियाणातल्या पंचकुल्यात आणि झोपायला पंजाबात असतो. भाजीवाल्याला याचं काही नसतं. ऑफिसांना मात्र दुसरं काही नसतं. पहिल्या खिडकीवर मुलीला काय येतं हे कुणी विचारलं नाही, घर कुठल्या बाजूला ते विचारलं. तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. शेवटी ज्या विभागानं आम्हाला आपलं मानलं, त्याचं नाव मी लिहीत नाही. फलकावर 'सेवा' हा शब्द होता, एवढं पुरे.

या विभागानं माणसांची तीन कप्प्यांत सोय केली आहे: शिकणारे, काम करणारे आणि सांभाळायचे. प्रत्येक कप्प्याला वेगळा मजला, वेगळा साहेब. काम करणाऱ्यांसाठी बेकरी आहे, तिथे मुलं नानखटाई करतात, खोकी भरतात. सांभाळायच्यांसाठी हॉल आहे. भिंतीला लावून खुर्च्या, समोर टीव्ही, टीव्हीवर बातम्या. कोण कुठे बसणार ते एक चाचणी ठरवते. मला मुक्ता बेकरीत हवी होती. कराडला जे हात दिवसभर चालत होते, ते मांडीवर ठेवून बसायला मी तिला एवढ्या लांब आणलं नव्हतं.

चाचणी घेणारा तरुण सायकॉलॉजिस्ट होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मुक्तासमोर एक छोटी मांडणी. वरच्या फळीवर रिकामा डबा, खालच्या फळीवर निम्मा भरलेला. तिच्या हातात रंगीत मनके देऊन तो म्हणाला, "बेटा, इन्हें खाली डिब्बे में डालो."

मुक्तानं मनके खालच्या डब्यात टाकले.

त्यानं ते काढून पुन्हा तिच्या हातात दिले आणि जरा मोठ्यानं सांगितलं, "खाली. खाली डिब्बे में." तिनं पुन्हा खालच्या डब्यात टाकले, या वेळी जास्त काळजीनं, एकही बाहेर न सांडता. तिसऱ्या वेळी तो ओरडलाच. तिनं सगळा डबाच उचलून जमिनीवर ठेवला, कारण त्याहून खाली काही नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, बरोबर ना, असं.

मी म्हटलं, आमच्या मराठीत खाली म्हणजे नीचे, तिनं तुमचं तंतोतंत ऐकलंय. तो वर न बघता म्हणाला, "माताजी, बीच में बोलेंगी तो टेस्ट कैंसल." अहवालात लिहून आलं: साधी सूचना समजत नाही. कप्पा तिसरा.

मी वरच्या मॅडमकडे गेले. मॅडम भल्या होत्या, चहा विचारला. मराठीत चाचणी घ्या, नाहीतर मला शेजारी बसून सांगू द्या, असं मी म्हटल्यावर त्यांना हसू आलं. "टेस्ट तो टेस्ट होता है जी. डिब्बा महाराष्ट्र में भी डिब्बा ही है." डबा तोच होता, शब्द तोच नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. आणि साध्या सूचना समजण्याची परीक्षा त्यांचा विभाग घेत होता. फेरचाचणी नियमानुसार काही महिन्यांनी. तोवर हॉलमध्ये खुर्ची आहे, घ्या. मी घेतली नाही.

त्या महिन्यांत मी माझ्या भाषेतला एक शब्द घराबाहेर काढला. खाली बस नाही, नीचे बस. चप्पल खाली नाही, नीचे. आणि रिकामं जे जे असेल ते खाली: ताट खाली, बादली खाली, डबा खाली. सुहास चुकला की मी डोळे मोठे करायची. आईशी फोनवर बोलतानाही मी अडखळायला लागले. ती म्हणाली, "तुझं मराठी बिघडलंय गं." बिघडलं नव्हतं, मी स्वतःच्या हातानं बिघडवत होते. लेकीला बोलायला शिकवलेल्या बाईनं तिच्याकडून एक शब्द परत काढून घ्यायचा, ही या सेवेची अट होती.

फेरचाचणीला तोच मुलगा, तीच मांडणी. मुक्तानं मनके वरच्या, रिकाम्या डब्यात टाकले आणि त्याला समजावं म्हणून हळू सांगितलं, "खाली. रिकामा." मी हसले नाही. नवीन अहवालात ओळ होती: विभागाच्या सेवांमुळे लक्षणीय सुधारणा. मॅडमनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "देखा जी, सेंटर का फायदा." ज्या सेंटरची खुर्चीसुद्धा आम्ही घेतली नव्हती, त्याचा. मी सही केली. त्यांना श्रेय हवं होतं, मला बेकरी.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. यायचं असेल तर या, पण सरकार बघतंय या भरवशावर येऊ नका. सरकार कप्पे बघतं. शोभाताईंच्या भाड्याच्या खोलीत फलक नव्हता, पण सांगितलेलं पोराला कळलं नाही तर त्या आधी स्वतःचं वाक्य बदलायच्या. इथल्या तीन मजल्यांवर हे एकालाही सुचलं नाही.

मुक्ता मात्र आता रोज टोपी घालून, नखं कापून बेकरीत जाते. बिस्किटं मोजायला तिला जमत नाही, ती खोक्यात रांगा पूर्ण करते आणि एकही रांग अर्धी सोडत नाही. घरी येते तेव्हा हिंदीत बोलत येते, मध्येच एखादं "पक्का, यार". मला ते टोचतं. तिला नाही.

या दिवाळीला मी कराडची तिकिटं काढली होती. फराळाचं, बॅगांचं, शेजारी किल्ली ठेवण्याचं, सगळं ठरलं होतं. मुक्ताला तेवढं विचारायचं राहिलं, कारण तिला विचारायची कधी वेळच आली नव्हती. आबांचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, "पोरी, कधी येतेस घरी?" तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "येत नाही, आबा. सुट्टी नाही. दिवाळीची ऑर्डर आहे."

मी तिकिटं रद्द केली. कराडला माझं घर आहे, असं मी अजून सगळ्यांना सांगते. पण घरचं माणूस जिथून कामावर जातं आणि दमून परत येतं, त्या झिरकपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला दुसरं काय म्हणायचं, ते मला सुचत नाही. त्या दिवशी फोनवर आबा आयुष्यात पहिल्यांदा नातीला अहो-जाहो करत म्हणाले, "बरं बाई. मग तुमच्या सवडीनं या."