उलटी बटणं

सुमनमावशी माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. लंडनजवळ पिनरला त्यांच्या घरी वरची खोली भाड्याने मागायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडून त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "बगलेत ओढतोय. काढ तो, मग बोलू." मी चहा पीत होते तेवढ्यात त्यांनी कोट उलटा करून बगल उसवली, सैल केली आणि परत शिवली. खोली मला मिळाली आहे, हे मला कोट अंगात घातल्यावर कळलं.

मावशी मूळच्या सांगलीच्या. हॅरोमधल्या एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून त्यांनी तीस वर्षं लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट केले. गिऱ्हाईकं त्यांना 'ऑल्टरेशन लेडी' म्हणत, फार प्रेमात आली तर 'लव्ह'. मावशींना त्याचं काही वाटत नसे, निदान तसं त्या म्हणत. "कपडा उलटा करून बघावा गं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वरून सगळेच राजे. आत दोरे लोंबतात."

माझ्या ऑफिसातल्या कुणीतरी एका छोट्या चॅपेलबद्दल, म्हणजे खाजगी प्रार्थनाघराबद्दल, सांगितलं होतं. गाडीने दीड तासावर, जुन्या जहागिरीच्या आवारात, तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातलं. आता तिथे म्युझियम आहे आणि आतले संगमरवरी पुतळे बघायला लांबून लोक येतात. मी मावशींना चला म्हटलं.

"मेलेल्या गोऱ्यांची थडगी बघायला पेट्रोल जाळायचं?"

"बाहेर हिरवळ आहे, मावशी. डबा खाता येईल."

"मग तसं सांग की!" म्हणून त्या मेथीचे पराठे करायला उठल्या.

चॅपेल आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलच्या स्टेजएवढं. पण आत शिरल्यावर आम्ही दोघीही दारातच थांबलो. छतावर सोनेरी पानाफुलांची गर्दी, आणि खाली पांढरेशुभ्र संगमरवरी जहागीरदार आणि त्यांची बायको. बाईच्या तोंडावर पदरासारखं झिरझिरीत वस्त्र होतं, दगडाचं, आणि त्यातून तिच्या पापण्या दिसत होत्या. मावशी तिच्यासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलमल आहे. आणि धुतलेलं. कोऱ्याला अशी चुणी पडत नाही."

तिथे रॉबर्ट नावाचे सत्तरीचे स्वयंसेवक गाईड होते. ते आठ-दहा जणांना माहिती सांगत होते. जहागीरदारांच्या पुतळ्याकडे हात करून ते म्हणाले, "शिल्पकाराने यांना समोर बसवून, अगदी बारकाईने हा पुतळा घडवला."

"नो," मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी छताकडे बघायला लागले.

"बटन्स राँग साइड," मावशींनी जाहीर केलं. "पुरुषाची बटणं उजव्या अंगाला. याची डाव्या. धिस इज लेडीज ब्लाउज!"

रॉबर्ट नम्रपणे हसले, पण कान लाल झाले होते. मावशींना वाटलं, यांना कळलं नाही. म्हणून त्या पुतळ्यांभोवतीची दोरी ओलांडून पुढे गेल्या आणि नेमकं कुठलं काज ते दाखवायला बोट जहागीरदारांच्या पोटावर ठेवलं. भिंतीवरचा अलार्म असा कोकलला की एका बाईच्या हातातली छत्री पडली.

रॉबर्टनी आम्हाला दाराशी नेलं. "मॅडम, तीनशे वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता."

"म्हणून तर कुणाला कळलं नाही," मावशी मराठीत म्हणाल्या, आणि मला दटावलं, "सांग त्याला. भरतकामाचा छाप इस्त्रीने कापडावर उमटवला की नक्षी उलटी येते. समोर माणूस नव्हता, छापील चित्र होतं. त्या चित्रात माणूस उलटा आला, आणि दगडातही तसाच उतरला."

मी भाषांतर केलं. रॉबर्टनी खिशातून छोटी वही काढली आणि मावशींचं नाव-पत्ता विचारून सगळं लिहून घेतलं. बाहेर हिरवळीवर मावशींनी पराठा तोंडात घातला नाही. "हाकललं गं आपल्याला," एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी म्युझियमचं पत्र आलं. जहागीरदार परदेशात वारले होते, शिल्पकाराने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ज्या छापील चित्रावरून त्याने काम केलं ते जुन्या कागदांत सापडलं होतं, आणि त्यात बटणं खरोखरच डावीकडे होती. पुतळ्यापाशी आता नवी पाटी लागणार होती, मावशींच्या नावानिशी. पाटीचा फोटोही होता. त्यावर 'सुमन'चं झालं होतं 'सुनाम'.

मावशींनी मला उलटटपाली लिहायला लावलं, "थँक यू. प्लीज उसवून पुन्हा घाला." 'उसवून'ला इंग्रजी शब्द शोधताना मी हसत होते. त्या अजिबात हसत नव्हत्या. पाटी बदलली.

गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेल्या. क्रिमेटोरियमला त्यांचा मुलगा साउथहॅम्प्टनहून आला होता, दुकानातली माणसं होती, आणि मागच्या बाकावर रॉबर्ट. मी चकित होऊन त्यांच्याकडे गेले.

"त्या दर महिन्याला यायच्या," ते म्हणाले. "दोन बस आणि एक ट्रेन बदलून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मला त्या लायब्ररीत जाते म्हणून सांगायच्या.

"एकदा मी विचारलं, तेच तेच काय बघता? तर त्या बुरख्यातल्या बाईकडे बोट करून म्हणाल्या, 'माझं काम चांगलं झालं की ते दिसत नाही. या शिल्पकाराचं बघा, तीनशे वर्षं सगळे बघतायत. मी थोडा वेळ जळायला येते.'"

"मग तुम्ही काय केलंत?"

रॉबर्ट म्हणाले, "तिथे व्हिजिटर्सना बसायला परवानगी नाही. मी त्यांना माझी खुर्ची आणून दिली."