बाहेरची कड

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी सगळं सांगते, त्याला नको असलेलंसुद्धा. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण आधी एक ऐकून घ्या: मोजण्याच्या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही. कॅसल हिलच्या घरून मेट्रोने ज्या ऑफिसात जाते, तिथे सगळी टीम माझ्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवते. ठेवावाच. हा गर्व असेल तर असू दे — कमावलेला आहे.

मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होते तेव्हाही असंच होतं. लॅबमध्ये मी आणि वसईची ग्लेनिस, दोघींचा विषय एकच: डिस्क शेड्यूलर. डेटाबेसच्या शेकडो मागण्या डिस्कपाशी एकदम येऊन थडकल्या की आधी कुणाची भागवायची, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा जो भाग ठरवतो, तो. एक तिने लिहिला होता, एक मी. आणि आमच्या सुपरवायझरकडे पीएचडीची जागा एकच. जिचा शेड्यूलर वेगवान, तिला ती मिळणार.

मोजायचं कुणी? ग्लेनिसच म्हणाली, "तूच रन कर गं. तू मोजलंस की मला चेक करायची गरजच नाही."

असं म्हणावं का कुणी, जिच्याशी स्पर्धा आहे तिलाच? आणि मला — खरं सांगू? — गुदगुल्या झाल्या.

मी काम चोख केलं. प्रत्येक फेरीआधी मशीन रीस्टार्ट, म्हणजे मेमरीत आधीचं काही उरायला नको. तोच डेटाबेस, त्याच मागण्या, पाच-पाच फेऱ्या. माझा शेड्यूलर जिंकला, तोही चांगल्या फरकाने. काय खूश होते मी!

मग शुक्रवारी रिपोर्टसाठी मशीनची माहिती उतरवून घेताना दिसलं. डेटाबेसच्या दोन प्रती मी एकाच डिस्कवर ठेवल्या होत्या — माझ्या शेड्यूलरची सुरुवातीला, तिच्याची शेवटाला. फिरती डिस्क बाहेरच्या कडेला भराभर वाचते, आत सावकाश. आणि डिस्कची सुरुवात म्हणजे बाहेरची कड. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं? होतं. मुद्दाम केलं नव्हतं, एवढं खरं. पण गोष्ट इथेच संपली असती, तर ती नुसती चूक ठरली असती — आणि चुकीसाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

शनिवारी मी एकटीच लॅबमध्ये गेले. दोन्ही शेड्यूलर एकाच जागेवरून पळवले, बाहेरच्याच कडेवरून. पुन्हा पाच-पाच फेऱ्या. इतकं स्वच्छ मोजमाप मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही — बघा, हे लिहितानाही मान ताठ होतेय. निर्लज्जपणाच म्हणायचा.

ग्लेनिस जिंकली. पाचही वेळा.

मी — मी त्या आकड्यांची फाइल पुसली. आणि रिपोर्टमध्ये जुनाच तक्ता लावला.

सोमवारी प्रेझेंटेशन झालं. सुपरवायझर म्हणाले, "क्लीन वर्क, मेट." ग्लेनिसने एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर आल्यावर मला मिठी मारली आणि म्हणाली, "डिझर्व्ह करतेस तू. चल, कॉफी माझ्याकडून." मी कॉफी प्यायले. वर केकही खाल्ला.

पीएचडी उत्तम झाली. पुढचा एकूण एक आकडा खरा आहे, कुणीही तपासावा. माझा शेड्यूलर चांगला आहे, हे आजही छातीठोकपणे सांगते. तिचा त्याहून चांगला होता. तो कुणी वापरला नाही.

ग्लेनिस आता वॉलॉंगॉंगला एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळते. गेल्या महिन्यात फोनवर हसत म्हणाली, "रिसर्चचं डोकं माझ्यात नव्हतंच गं."

होतं. मी मोजलं होतं.